मंडप, मस्त आणि नाइस

होळीच्या दिवशी आजीने पुरणपोळ्यांच्या चळतीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. बंगळुरात नोकरी करणाऱ्या माझ्या धाकट्या चुलत बहिणीने त्याखाली एकच शब्द लिहिला, 'नाइस!' थोड्या वेळाने काकांचा लांबलचक मेसेज आला. 'नाइस'चा खरा अर्थ अडाणी, मूर्ख. तो लॅटिनमधल्या 'नेस्कियस'वरून आला आहे. तेव्हा कुणालाही 'नाइस' म्हणण्याआधी आपण काय बोलतोय ते समजून घ्यावं. बहिणीने उत्तर दिलं, 'काका, मी ज्या अर्थाने वापरते तोच माझ्यासाठी त्या शब्दाचा अर्थ.' पुढे दोन दिवस वाद चालला. घरातले निम्मे काकांच्या बाजूने गेले, निम्मे तिच्या. मी तो सगळा वाद वाचला, आणि मला दोन्ही बाजू चुकीच्या पायावर उभ्या दिसल्या. शब्दाचं मूळ त्याचा इतिहास सांगतं, आजचा अर्थ ठरवत नाही. अर्थ वापराने ठरतो. पण तो वापर माझा एकटीचा किंवा तुमचा एकट्याचा नसतो, बोलणाऱ्या सगळ्या समाजाचा असतो. हे दोन्ही एकदम खरं आहे, आणि आपल्याकडचे भाषेचे बहुतेक वाद यातलं एकच अर्धं पकडून घातले जातात.

आधी काकांचं श्रेय काकांना देते. त्यांची माहिती बरोबर आहे. लॅटिनमध्ये 'स्कीरे' म्हणजे जाणणं, आणि 'नेस्कियस' म्हणजे न जाणणारा. त्याच 'स्कीरे'पासून 'सायन्स' आला. म्हणजे 'सायन्स' आणि 'नाइस' ही एकाच घरातली भावंडं. एक जाणण्याकडे गेलं, दुसरं न जाणण्याकडे. जुन्या फ्रेंचमध्ये 'नेस्कियस' झिजून मूर्ख, भोळसट या अर्थाचा शब्द झाला आणि 1300 च्या सुमारास तो इंग्रजीत उतरला. स्पॅनिश भाषेत त्याचा सख्खा भाऊ 'नेसिओ' आजही मूर्खालाच म्हणतात. इंग्रजीत मात्र हा शब्द एका जागी थांबला नाही. मूर्ख म्हणजे ताळतंत्र नसलेला, म्हणून छचोर, चैनी. चैनी म्हणजे नखरेल, चोखंदळ. चोखंदळ म्हणजे बारकाव्यांकडे पाहणारा, काटेकोर. काटेकोर म्हणजे नाजूक, सुबक. आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सुबकावरून छान, आवडण्याजोगा. पुढे एकोणिसाव्या शतकात माणसाच्या स्वभावालाही 'नाइस' म्हणू लागले: प्रेमळ, समजूतदार. हा प्रवास असा एका रेषेत झाला नाही, अनेक अर्थ एकाच वेळी नांदत होते. 'रोमियो अँड ज्युलिएट'मध्ये एका पत्राबद्दल म्हटलं आहे की ते 'नाइस' नव्हतं, त्यात गंभीर मजकूर होता. तिथे 'नाइस' म्हणजे क्षुल्लक. शेक्सपिअरच्या काळात तोच शब्द चोखंदळालाही लागत होता आणि काटेकोरालाही. जाणकारांना आजही काही ओळी वाचताना नक्की कोणता अर्थ घ्यावा याचा विचार करावा लागतो.

या शब्दाच्या इतिहासातली माझी सर्वात आवडती जागा चॉसरच्या 'ट्रॉयलस अँड क्रिसेड' या काव्यात आहे. हे काव्य चौदाव्या शतकाच्या अखेरीचं. दुसऱ्या सर्गाच्या सुरुवातीला कवी वाचकांना सांगतो: तुम्हाला ठाऊकच आहे की हजार वर्षांत बोलण्याची रूपं बदलतात, तेव्हा ज्या शब्दांना मोल होतं, ते आज आपल्याला फार 'नाइस' आणि विचित्र वाटतात, पण तेव्हाची माणसं तसंच बोलत होती, आणि प्रेमात आजच्या माणसांइतकीच यशस्वीही होत होती. इथला 'नाइस' म्हणजे खुळचट. शब्दांचे अर्थ बदलतात हे सांगायला त्याने नेमका हाच शब्द हाताशी घेतला, आणि पुढे काळाने त्याच शब्दाचा अर्थ उलटा केला. आजचा इंग्रज वाचक ती ओळ टीप न पाहता वाचेल, तर त्याला वाटेल की कवी जुन्या शब्दांना छान म्हणतो आहे.

आता काकांना मला एकच गोष्ट विचारायची आहे. 'खरा अर्थ' शोधायला मागे निघालात, तर कोणत्या स्टेशनवर उतरायचं? चौदाव्या शतकात उतरलात म्हणून 'मूर्ख' मिळाला. सोळाव्यात उतरला असता तर 'काटेकोर' मिळाला असता. आणि लॅटिनवरच का थांबायचं? 'स्कीरे'च्याही मागे जाणारे अभ्यासक त्याचा संबंध कापणं, वेगळं करणं या अर्थाच्या अतिप्राचीन धातूशी जोडतात; आपला 'छिद्' त्याच कुळातला मानतात. मग 'नाइस'चा खरा अर्थ 'न कापलेला' म्हणायचा का? मागे जाणारा प्रत्येक जण आपल्या सोयीच्या शतकात उतरतो आणि त्यालाच मूळ म्हणतो.

असं उतरणाऱ्यांचं एक उत्तम उदाहरण जेन ऑस्टेनच्या 'नॉर्थँगर अ‍ॅबी' या कादंबरीत आहे. ती लेखिकेच्या मृत्यूनंतर, 1817 च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. नायिका कॅथरीन एका पुस्तकाला जगातलं सर्वात 'नाइस' पुस्तक म्हणते. हेन्री टिल्नी तिची खोड काढतो: सर्वात नीटस म्हणायचंय ना, मग ते बांधणीवर अवलंबून आहे. पुढे तो म्हणतो, आजचा दिवस नाइस, आपलं फिरणं नाइस, तुम्ही दोघी मुलीही नाइस; हा शब्द कशालाही चालतो! पूर्वी बहुधा तो फक्त नीटसपणा, औचित्य, नाजूकपणा दाखवायला वापरत असावेत. हेन्री हुशार आहे, वाचलेला आहे, आणि 'पूर्वी'बद्दल तो चुकला आहे. त्याच्या 'पूर्वी'च्याही पूर्वी या शब्दाचा अर्थ मूर्ख होता. त्याला ठाऊक असलेलं मूळ म्हणजे त्याच्या आजोबांच्या पिढीचा वापर. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांचं मूळ बहुतेक वेळा तेवढंच जुनं असतं: आपल्या शाळेतल्या गुरुजींनी शिकवलं तेवढं. आणि हेन्रीची बहीण त्याला जे सुनावते ते मला फार महत्त्वाचं वाटतं. ती म्हणते, तू शहाण्यापेक्षा 'नाइस' जास्त आहेस. म्हणजे किरकिरा चोखंदळ. एकाच पानावर तीन माणसं एकच शब्द तीन अर्थांनी वापरतात आणि तिघांचंही एकमेकांना नीट समजतं.

इंग्रजी लांबची वाटत असेल तर आपल्या तोंडातले शब्द पाहू. त्याच फोटोखाली काकांनी आधी स्वतः लिहिलं होतं, 'आई, पोळ्या मस्त दिसतायत.' फारसीत 'मस्त' म्हणजे नशेत असलेला, झिंगलेला. 'मस्तवाल'मध्ये तो अर्थ अजून शिल्लक आहे. मग आजीच्या पोळ्या झिंगलेल्या होत्या का? काकांना असं कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं कारणही नव्हतं. संस्कृतात 'राग' म्हणजे रंग, आसक्ती, प्रेम. 'अनुराग'मध्ये ते टिकून आहे. मराठीत आई मुलावर रागावते तेव्हा ती नेमकं उलट काहीतरी करत असते. संस्कृत 'शिक्षा' म्हणजे शिकवण, हिंदीत आजही तेच. आपल्याकडे मास्तरांनी दिलेली शिक्षा म्हणजे दंड. 'चेष्टा' म्हणजे हालचाल, प्रयत्न. आपण कुणाची चेष्टा करतो तेव्हा प्रयत्न वगैरे काही अभिप्रेत नसतं. तेल तिळाचं असतं म्हणून तेल, तरी खोबऱ्याचं आणि शेंगदाण्याचं तेल आपण निःशंकपणे ओततो. एक जोडी तर थक्क करणारी आहे. वैदिक संस्कृतात 'मृग' म्हणजे कोणताही रानटी पशू; म्हणून सिंह मृगेंद्र, आणि शिकार ती मृगया. पुढे तो आकसून हरणापुरता राहिला. इंग्रजीतला 'डिअर'ही असाच. तो कोणत्याही जनावराला लागत असे. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये उंदरा-घुशींनाही छोटे 'डिअर' म्हटलं आहे, आणि जर्मनमध्ये त्याचा भाऊबंद आजही कोणताही प्राणी दाखवतो. हजारो मैलांच्या अंतरावरच्या दोन भाषांनी, एकमेकींना न विचारता, सगळ्या पशूंमधून नेमकं हरीणच उचललं. ही चूक असेल, तर माणसाच्या मनाने ती दोन ठिकाणी सारखीच केली आहे.

काकांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक सूर असाही होता की हे बदलत्या अर्थांचं लाड करणं पाश्चात्त्य आहे; आपली परंपरा शब्दाच्या धातूपर्यंत जाते. जाते, हे खरं. वेदांतल्या शब्दांची व्युत्पत्ती सांगणारा यास्काचा प्राचीन ग्रंथ, निरुक्त, तेच करतो. पण त्याच निरुक्ताच्या पहिल्या अध्यायात यास्क विरोधकाचा आक्षेप मांडतो, आणि तो आक्षेप इतका धारदार आहे की आजही तो बोथट वाटत नाही: रस्ता व्यापतो म्हणून घोड्याला 'अश्व' म्हणत असाल, तर जो जो रस्ता व्यापेल त्या सगळ्यांना अश्व म्हणा; टोचतं म्हणून गवताला 'तृण', तर टोचणाऱ्या प्रत्येक वस्तूला तृण म्हणा. यास्क त्याला उत्तर देतो, पण ते असं की लोकांमध्ये असंच दिसतं, एकच क्रिया करणाऱ्यांपैकी काहींनाच ते नाव मिळतं, इतरांना मिळत नाही. म्हणजे शेवटी दाखला लोकांचाच. पुढच्या शास्त्रकारांनी तर याचं सूत्रच करून ठेवलं: योगाद्रूढिर्बलीयसी. शब्दाच्या घटकांमधून निघणाऱ्या अर्थापेक्षा रूढीने मिळालेला अर्थ बलवान. चिखलात जन्मतं ते पंकज. शेवाळही चिखलातच जन्मतं, त्याला आपण पंकज म्हणत नाही. शास्त्रग्रंथांतलं आवडतं उदाहरण 'मंडप' आहे. घटक सोडवले तर 'मंड' म्हणजे भाताची पेज आणि 'प' म्हणजे पिणारा. लग्नाच्या मंडपात शिरताना कुणाच्या मनात पेज पिणारा माणूस येतो? काश्मीरच्या मम्मट या काव्यशास्त्रकाराने अकराव्या शतकात 'कुशल'चं उदाहरण घेतलं: कुश नावाचं गवत तोडून आणणारा तो कुशल, पण 'कामात कुशल' म्हणताना गवत कुठेच नसतं. व्युत्पत्तीला मान द्या आणि अर्थाचा निकाल रूढीकडे द्या, हे आपल्याच शास्त्राने हजार वर्षांपूर्वी सांगितलं आहे. त्यासाठी ऑक्सफर्डच्या कोशाची वाट पाहायची गरज नव्हती.

मग बहीण जिंकली का? तीही नाही. तिचं म्हणणं 'वापराने अर्थ ठरतो' इतकंच असतं तर मी तिच्या बाजूने उभी राहिले असते. ती 'माझ्यासाठी' म्हणाली, आणि तिथे गडबड झाली. रुपयाकडे पाहा. हे नाव चांदीवरून आलं; शेरशाह सुरीचा रुपया खरोखर चांदीचा होता. आज खिशातलं एक रुपयाचं नाणं पोलादाचं आहे. काकांच्या न्यायाने ते खोटं, कारण त्यात चांदी नाही. बहिणीच्या न्यायाने ती घरी पत्रा कापून त्यावर 'एक रुपया' कोरू शकते, कारण तिच्यासाठी तो रुपया आहे. दुकानदार दोघांनाही परत पाठवेल. नाण्याची किंमत धातूत नाही आणि माझ्या मर्जीतही नाही, ती सगळ्यांनी मिळून मान्य केलेल्या व्यवहारात आहे. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच म्हटलं आहे की घट हवा असेल तर माणूस कुंभाराच्या घरी जाऊन घट करायला सांगतो, पण शब्द वापरायचे म्हणून कुणी वैयाकरणाच्या घरी जाऊन शब्द करून मागत नाही. शब्द आधीच लोकांत असतो. तो काका घडवत नाहीत, बहीणही घडवत नाही. 'नाइस'ला मूर्खापासून छानपर्यंत यायला साडेचारशेहून अधिक वर्षं लागली, आणि त्यातली एकही पायरी कुणा एकाने ठरवलेली नाही.

काकांच्या बाजूचा खरा बळकट मुद्दा व्युत्पत्तीचा नाहीच, तो हेन्रीचा आहे: हा शब्द कशालाही चालतो. इथे मी मान तुकवते. पुरणपोळी नाइस, पगारवाढ नाइस, बातमी नाइस, आणि कुणाच्या तरी तीन वर्षांच्या संशोधनावरही नाइस. इंग्रजीत 'नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे दोन गोष्टींमधला केसाएवढा बारीक फरक. वकिलांच्या आणि तत्त्वज्ञांच्या लिखाणात हा प्रयोग अजून जिवंत आहे, पण सर्वसामान्य वाचक तो वाचून 'छान फरक' समजतो. एक धारदार पातं बोथट झालं, हे नुकसानच आहे. मराठीत 'भारी' आणि 'मस्त' यांचं तेच झालं. पण हे नुकसान कशाने झालं ते नीट पाहिलं पाहिजे. मुळापासून दूर गेल्याने ते झालेलं नाही; 'काटेकोर' हा अर्थही मुळापासून दूरच होता. ते झालं आळसाने, बारा गोष्टींना एकच शब्द पुरवल्याने. त्यावर उपाय लॅटिनचा धडा नाही. पोळीच्या कडेपर्यंत गेलेलं पुरण, वरची खरपूस ठिपक्यांची नक्षी, तुपाची चकाकी, यांतलं काहीतरी पाहून सांगणं हा उपाय आहे. काकांनी तिला 'काय आवडलं ते सांग ना गं' असं म्हटलं असतं, तर मी त्यांच्या बाजूने लिहिलं असतं.

दुसरा आक्षेप जुन्या ग्रंथांचा आणि दस्तऐवजांचा. अर्थ बदलतो म्हटलं तर जुनं लिखाण वाचायचं कसं? उलट, अर्थ बदलतो हे मानल्याशिवाय ते वाचताच येत नाही. 'माझा मराठाचि बोलु कौतुकें' या ज्ञानेश्वरांच्या ओवीत आपण आजचं शाबासकीचं कौतुक घातलं, तर ओवी हातातून निसटते. संस्कृतातलं 'कौतुक' म्हणजे कुतूहल, नवल. ओवीत त्याचीच सहज, आनंदाची छटा आहे. ती कळायला 1290 च्या सुमाराचा वापर ठाऊक हवा. धातू कितीही सोडवला तरी तेवढ्याने भागत नाही. जुन्या शब्दाला त्याच्या काळाचा अर्थ द्यावा, आजच्याला आजचा.

शिवाय फिरणाऱ्या व्युत्पत्तींपैकी कितीतरी मुळात खोट्या असतात. 'न्यूज' म्हणजे चारी दिशांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं, हे मी स्वतः शाळेत शिकले आणि कित्येक वर्षं इतरांना सांगत राहिले. तो सरळ 'न्यू'पासून झालेला शब्द आहे, नव्या गोष्टी. चूक कळली तेव्हा मला जाणवलं की इतकी वर्षं या खोट्या मुळामुळे माझं बातमी वाचणं एका अक्षरानेही बिघडलं नव्हतं. मूळ अर्थ चालवत असतं तर बिघडायला हवं होतं.

एवढ्या किरकोळ शब्दावर मी इतकं का लिहिते आहे? कारण हाच चुकीचा युक्तिवाद किरकोळ नसलेल्या जागी रोज केला जातो. कुणाला लागेल असा शब्द वापरायचा आणि तो दुखावला की कोश उघडायचा: मूळ अर्थ वाईट नाहीच, तूच उगाच मनाला लावून घेतोस. 'हरिजन' या शब्दाची व्युत्पत्ती निर्दोष आहे. हरीची माणसं, देवाची माणसं. संतकवी नरसी मेहतांच्या पदांतून आलेला शब्द. गांधीजींनी तो सद्भावाने उचलला, 1933 मध्ये त्याच नावाचं साप्ताहिक काढलं. पण ज्यांच्यासाठी तो वापरायचा होता त्यांना त्यात दया ऐकू आली, बरोबरी ऐकू आली नाही. जानेवारी 1938 मध्ये मुंबई विधानसभेत एका विधेयकात हे नाव घालायचं ठरलं, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि ते व त्यांचे सहकारी सभागृहातून बाहेर पडले. आमचं नाव काय असावं हे आम्हाला विचारा, असा तो प्रश्न होता. त्यावर 'हरी' आणि 'जन' सोडवून दाखवणं हे उत्तर झालं असतं का? 1982 साली केंद्र सरकारने जातीच्या दाखल्यांवर हा शब्द लिहू नये अशी सूचना राज्यांना दिली. शब्दाचं मूळ तेव्हाही तितकंच पवित्र होतं.

आणि दुसरीकडे 'दलित'. मूळ पाहिलं तर भरडलेला, तुडवलेला. व्युत्पत्ती निकाल देत असती तर हा शब्द कुणी स्वतःहून जवळ केला नसता. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा त्याच शब्दात तुडवणाऱ्याला जाब विचारण्याची ताकद आली. इंग्लंडमध्ये मताच्या हक्कासाठी लढणाऱ्या स्त्रियांना 1906 साली एका वर्तमानपत्राने हिणवायला 'सफ्रजेट' म्हटलं. त्या स्त्रियांनी तोच शब्द उचलला आणि 1912 मध्ये त्याच नावाचं पत्र काढलं. चांगल्या मुळाचा शब्द नाकारला गेला, कठोर मुळाचा आणि टिंगलीचा स्वीकारला गेला. दोन्ही वेळा निर्णय कुणा एका माणसाच्या लहरीचा नव्हता, पुष्कळ माणसांनी आपल्या जगण्यातून घेतलेला होता. म्हणूनच 'माझ्यासाठी त्याचा अर्थ तोच' हे बहिणीचं वाक्यही इथे पुरत नाही. शिवी देणारासुद्धा नेमकं तेच म्हणतो: मी त्या अर्थाने बोललो नव्हतो.

काकांशी मी फोनवर बोलले. 'मस्त'चं फारसी मूळ सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, 'अगं, पण ते तर सगळेच म्हणतात.' मी म्हटलं, 'काका, मी तेच तर म्हणतेय.' त्यांना पूर्ण पटलं असं मला वाटत नाही. नंतर तो सगळा वाद पुन्हा पहिल्यापासून वाचला, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली जी दोन दिवस कुणालाच दिसली नव्हती. बहिणीच्या 'नाइस'नंतर दोनच मिनिटांनी, काकांच्या लॅटिनच्या बऱ्याच आधी, आजीचं उत्तर आलेलं होतं: 'आवडल्या ना? येशील तेव्हा गरम करून देते.'